हेडमास्तर, ढोकळा आणि गरीब

आमच्याकडे कुणी पाहुणा आला की पहिल्या चहाबरोबर एक किस्सा निघतो. दुसऱ्या चहाबरोबर तीन. मग पाहुण्याची वापीची बस चुकते, आणि जेवणं झाल्यावर तर कोण किती सांगतंय याचा हिशोबच राहत नाही. सिल्वासात आलो तेव्हा आमचं सामान म्हणजे दोन ट्रंका आणि एक टू-इन-वन. आता घरात पाय ठेवायला जागा नाही, पण सगळ्यात जास्त जागा अडवलीय ती या किश्श्यांनी. अशोक, म्हणजे माझा नवरा, आतून डोळे वटारतोय. वटारू दे. नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून मी कॉलनीत पहिल्याच आठवड्यात बदनाम झाले होते, आता आणखी काय व्हायचंय!

किस्से सगळे एकाच मंडळाचे. नाव रविवार मंडळ. यार्नच्या कारखान्यातली आम्ही मराठी मंडळी. कुणी नाशिकचं, कुणी शिरपूरचं, कुणी पुण्याचं. रविवारी सकाळी आमच्या हॉलमध्ये जमायचं, ज्याला येतं त्याने गायचं, ज्याला येत नाही त्याने ऐकायचं आणि सगळ्यांनी मिळून खायचं. मंडळाची सेक्रेटरी मी. निवडणूक झाली नव्हती. कुणाची हिंमतही झाली नाही.

०

टू-इन-वनवर आम्ही सगळं रेकॉर्ड करायचो. त्याचं पॉजचं बटण पहिल्याच महिन्यात तुटलं. तोडलं अशोकने, इंजिनिअर ना! 'किरकोळ आहे गं' म्हणत त्याने मशीन उघडलं, एक स्प्रिंग उडाली, ती पलंगाखाली गेली आणि आजतागायत सापडलेली नाही.

तेव्हापासून मंडळाचा नियमच झाला, की एकदा लाल बटण दाबलं की बाजू संपेपर्यंत टेप चालू. चहा आला, चालू. कुकर झाला, चालू. कारखान्याचा भोंगा वाजला, कुणाचं पोरगं पडलं, दोघांचं भांडण लागलं, तरी चालूच. त्यामुळे आमच्या कॅसेटींमध्ये गाणं निम्मं आणि घर निम्मं.

मग प्रश्न आला कॅसेटवर नाव काय लिहायचं. एका बाजूत पाच जणं गायलेली आणि तिघं भांडलेली, नाव कुणाचं घालणार? मी सरळ त्या रविवारी जे खायला होतं ते लिहून टाकलं. 'कांदेपोहे'. 'उंधियू'. 'शेवभाजी'. खानवेलहून एक आजोबा तारपा वाजवायला आले होते, त्या दिवशी नागलीच्या भाकऱ्या थापल्या होत्या, म्हणून ती कॅसेट 'नागली'. सोय इतकी झाली की विचारू नका. काय गायलं ते माणसं विसरतात, काय खाल्लं ते कुणी विसरत नाही!

देवधर नावाचे मॅनेजर पुण्याहून बदलून आले, तेव्हाची गोष्ट. माणूस सज्जन, पण कुठेही गेला की तिथली मांडणी बदलायला घ्यायचा. पहिल्याच रविवारी त्यांनी मला मोठ्या अदबीने विचारलं, "वहिनी, तुमच्या संग्रहात भैरवी कुठे सापडेल?"

मी म्हटलं, "साबुदाणा वड्यात. बी साइडला."

त्यांनी उघडलेली वही मिटली आणि पेन खिशाला लावलं.

०

आता सिंधूताई. यांच्याशिवाय पुढचं काहीच कळायचं नाही, म्हणून नीट ऐका.

सिंधूताई खैरनार शिरपूरकडच्या. खडोलीच्या बालवाडीत शिकवायच्या. त्यांचा नवरा आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये, त्यांना सगळे बापू म्हणायचे. बापू बोलायला लागले की थांबत नसत, आणि सिंधूताई गायला लागल्या की बापूंनाही गायचा मोह आवरत नसे. ताईंचा आवाज असा खणखणीत की कॉलनीच्या गेटवर वॉचमन मान डोलवायचा. बापूंचा आवाज ऐकून मात्र तोच वॉचमन बघायला यायचा, काय झालं म्हणून.

एका हिवाळ्यात जळगावची वांगी मिळाली. मंडळात भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा. ताई अहिराणीतलं लग्नातलं गाणं म्हणत होत्या, हळद लावायच्या वेळचं. छान रंगलं होतं. तिसऱ्या कडव्याला बापूंना राहवलं नाही आणि त्यांनी भलत्याच पट्टीत सूर लावला. ताई गाता गाता थांबल्या आणि कडाडल्या, "तुम्ही गप बठा हो!"

बापू लगेच म्हणाले, "बठनू ना, बठनू!" म्हणजे बसलो ना बाई, बसलो.

सगळा हॉल हसून लोळला. ताईंनी पदर खोचला आणि गाणं जिथे सोडलं होतं तिथून पुन्हा उचललं. टेप अर्थातच चालू होता. कॅसेटचं नाव 'भरीत'. बी साइड.

पुढे कितीतरी वर्षं कुणी जास्त बोलायला लागलं की मंडळात एकजण ओरडायचा, "भरीत लावा रे!"

०

मग त्र्याण्णवच्या सुमाराला ताईंच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गेला म्हणजे बाहेर यायचा तो नुसता वारा, समोर बसून कान दिला तरच कळणारा. आम्ही भेटायला गेलो तेव्हा मी नेलेला डबा हातातच धरून बसले. ताईंनीच माझ्या पाठीवरून हात फिरवला.

महिन्याभराने त्यांना बालवाडीच्या ऑफिसात बोलावलं. समोरचे साहेब फार गोडीत बोलले. बाई, आता तुम्हाला त्रास होईल, मुलं लहान, वर्ग कसा सांभाळणार, आराम करा, राजीनामा दिलात तर आम्ही सगळं लवकर करून देऊ.

ताईंनी पिशवीतून एक शिट्टी काढली. पी.टी.च्या मास्तरांकडे असते तसली, पितळी. साहेबांच्या टेबलावर वाकल्या आणि जीव खाऊन वाजवली. अख्खं ऑफिस उभं राहिलं. शिपाई पळत आला. साहेबांच्या हातातला चहा फाइलींवर सांडला.

मग ताईंनी साहेबांच्या कानाशी जाऊन सांगितलं, "पोरंबी अशीच उभी ऱ्हातीन."

सोमवारपासून ताई पुन्हा बालवाडीत. हा किस्सा मला बापूंनी सांगितला आणि सांगताना त्यांना रडू आलं. पण मंडळात मात्र एक गोष्ट बदलली. दहा माणसं एकदम बोलतात तिथे ताईंचा वारा कुणाला ऐकू यायचा? त्या टेबलावर बांगडी आपटायच्या, एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. तीही गोंधळात कुणाच्या कानावर जायची नाही. आणि बापू तर गप्पच व्हायला विसरले, कारण गप बस म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

ताईंचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी होता. 'भरीत', बी साइड. बाकीच्या कॅसेटींत त्या कोरसमध्ये होत्या, पण एकट्या, मोकळ्या आणि चिडलेल्या फक्त तिथेच.

०

आणि त्या 'भरीत'ला बुरशी लागली.

सिल्वासाचा दमटपणा ज्याने सोसलाय त्यालाच कळेल. चपला हिरव्या होतात, पापड वाकतात. कॅसेटींच्या फितीवर पांढरी बुरशी धरली. मी लोखंडी कपाटात चोवीस तास बल्ब पेटता ठेवायला लागले. बापू पॅकिंगमधून टाकून दिलेल्या, ओल शोषणाऱ्या पुड्या गोळा करून आणायचे आणि कॅसेटींच्या फटींत खोचायचे. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "कपाटात दिवा कशाला? देव बसवलेत का?" मी म्हणायचे, "हो. नैवेद्याची नावं वाचा."

शेवटी ठरवलं, कॉम्प्युटर घ्यायचा आणि सगळं त्यात भरायचं. त्यावर प्रत्येकाला मत होतं! "गाणी ऐकायला कॉम्प्युटर?" "मुलांच्या अभ्यासाला घ्या की!" "बायकांना माऊस जमत नाही हो." हे शेवटचं ज्याने म्हटलं त्याला त्या दिवशी मी दुसरी भाकरी वाढली नाही.

किलवणी नाक्यावर जिग्नेशभाईचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. तो जोडून द्यायचा. घरी येऊन त्याने सगळं मांडलं, टू-इन-वनच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली आणि म्हणाला, "बस भाभी! कॅसेट जितकी लांब तितका वेळ बसायचं. पण कॉम्प्युटरचं पॉज चालतं हं."

मी म्हटलं, "आमच्याकडे पॉज वापरत नाहीत."

०

कॅसेटी आत जायला लागल्या. आता वाजवायच्या कशात? इथून खरी लढाई सुरू झाली.

जिग्नेशभाईने कॉम्प्युटरमध्ये एक प्लेअर, म्हणजे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर, घालून दिला होता. पिवळाधमक, चौकोनी, अंगभर बारीक काळी बटणं. मी त्याचं नाव ढोकळा ठेवलं. गाणं चालू झालं की त्यात रंगीत फवारे उडायचे. देवधरांनी मुंबईहून सीडीवर दुसरा आणला. तो सगळ्या गाण्यांना रांगेत उभं करायचा, प्रत्येकाला नाव, गाव, वर्ष विचारायचा, सांगितलं नाही तर आत घ्यायचा नाही. तो हेडमास्तर. आणि तिसरा कॉम्प्युटरबरोबरच आलेला. करडा, एक खिडकी, चार बटणं, बोलायचं ना चालायचं. तो गरीब.

गंमत अशी, की हे तिघे एकमेकांच्या मुळावर उठलेले. ढोकळा उघडला की तो घरातली सगळी गाणी आपल्या नावावर करून घ्यायचा. मग देवधर येऊन हेडमास्तर उघडायचे, की सगळी गाणी त्याची. गरीब बिचारा कुणाचंच काही घ्यायचा नाही. एकत्र कुटुंबात नाही का असे दोन दीर आणि एक धाकटा असतो!

जिग्नेशभाई म्हणाला, "भाभी, एकच ठेवो. नहीं तो कॉम्प्युटर पागल होऊन जाईल."

कोणता, यावर मंडळाचे दोन तट पडले आणि रविवारचं गाणं बंद होऊन रविवारचं भांडण सुरू झालं.

०

ढोकळ्याचा निकाल अशोकनेच लावला, झोपेत.

ढोकळ्याला एक खोड होती. एक बटण चुकून दाबलं गेलं की तो गाणी उलटसुलट वाजवायचा. एका दुपारी मी भाजी निवडत ऐकत होते. अशोक नाईट करून आलेला, आत झोपलेला. ढोकळ्याने एक भजन लावलं, मग एक गरबा, आणि मग कुठूनतरी 'उंधियू'मधला तुकडा, ज्याच्यात आमच्या कारखान्याचा भोंगा आहे. चांगला लांबलचक.

आतून धाडकन आवाज आला. अशोक उठला, डोळे मिटलेलेच, पॅन्ट चढवली, हेल्मेट घातलं आणि मला काही कळायच्या आत जिना उतरून गेलासुद्धा. मी मागून हाका मारतेय, याला ऐकू येईल तर शपथ.

कारखान्याच्या गेटवर वॉचमनने त्याला अडवलं. "साब, आप तो अभी गये थे! कुछ भूल गये क्या?"

परत आल्यावर अशोक म्हणाला, "तो भोंगा काढून टाक."

"का म्हणून? उंधियूच्या दिवशी भोंगा वाजला होता. तो राहणार."

"शैला, मी बनियनवर गेलो होतो!"

"तुला बनियन दिसतं, मला उंधियू," मी म्हटलं. भोंगा राहिला. ढोकळा मात्र मंडळाच्या नजरेतून उतरला.

०

मग देवधरांची पाळी. एका रविवारी त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि हेडमास्तरची करामत दाखवायला घेतली. "आता बघा हं. गायकाप्रमाणे लावतो." पडद्यावर यादी आली. विकत घेतलेल्या कॅसेटींमधल्या सगळ्या मोठ्या गायकांची नावं झोकात वर बसली होती. आमच्या मंडळाच्या सगळ्या कॅसेटी एकाच नावाखाली कोंबलेल्या, तळाशी.

सिंधूताई पुढे वाकल्या. बालवाडीतल्या बाई, इंग्रजी अक्षरं लावून वाचायच्या. अननोन आर्टिस्ट.

हॉलमध्ये नेमकी तेव्हा शांतता होती, म्हणून सगळ्यांना ऐकू आलं. "मी अननोन शे का?"

देवधर गडबडले. "नाही नाही ताई, म्हणजे सॉफ्टवेअरला माहीत नाही हो."

ताईंनी दोनदा बांगडी आपटली. मग बोट पडद्यावर ठेवलं आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या, अख्खं नाव टाइप होईपर्यंत. सिंधूबाई रामदास खैरनार. देवधरांनी विचारलं, "आणि प्रकार काय लिहू? लोकगीत?"

मी मागून ओरडले, "भरीत लिहा!"

०

इथपर्यंत हसण्यावारी होतं. पुढचं नव्हतं.

हेडमास्तरमध्ये साफसफाईची एक सोय होती. खरखर काढायची, मधली शांतता कापायची, नको ते आवाज छाटायचे. देवधरांनी एका दुपारी, मी बाजारात गेले असताना, अशोकला सांगून ती 'भरीत'वर चालवली. माणसाचा हेतू वाईट नव्हता, हे मी आज म्हणते. त्या दिवशी म्हटलं नव्हतं.

रविवारी त्यांनी मोठ्या अभिमानाने लावलं. खरंच, ताईंचा आवाज काय लखलखीत आला! बुरशीची खरखर नाही, कुकर नाही, कप-बशा नाहीत. पहिलं कडवं, दुसरं. तिसरं सुरू झालं आणि सलग चौथ्यात गेलं. मध्ये काहीच नाही.

सगळे "वा, वा" म्हणाले. बापूंनी मात्र विचारलं, "आणि मी?"

"कुठे?" देवधर म्हणाले.

"मी मधे बोललो ना? मंग ती बोलली ना?"

"हां, ते! डिस्टर्बन्स होता. काढला."

बापू उठून गॅलरीत गेले. एरवी ज्या माणसाला दोन मिनिटं गप बसवत नाही, तो कठड्याला धरून कारखान्याच्या चिमणीकडे बघत उभा राहिला. ताई जागच्या हलल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

मी देवधरांना विचारलं, "जुनं कुठाय? कापायच्या आधीचं?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं वहिनी. जागा वाचते."

रविवार मंडळाच्या इतिहासात त्या दिवशी पहिल्यांदा एका माणसाला चहा मिळाला नाही. मी कप त्यांच्या समोर ठेवला आणि उचलून परत नेला, कळावं म्हणून! अशोकलाही मिळाला नाही. परवानगी त्याने दिली होती.

०

राहता राहिली मूळ कॅसेट. ती पहिल्यांदा भरतानाच शेवटी मशीनमध्ये गुंडाळून तुटली होती, मी तशीच बल्बच्या कपाटात ठेवून दिली होती. देवधर म्हणाले, तुटलेली, बुरशी आलेली फीत पुन्हा लावू नका, मशीनचं हेड जाईल. अशोक म्हणाला, एवढ्यासाठी टू-इन-वन घालवायचा का?

मी म्हटलं, "टू-इन-वन गेला तर जाऊ दे. पॉजशिवाय इतकी वर्षं काढली, आता त्याच्याशिवाय काढू."

बापूंनी पुड्यांचा ढीग लावला. आठवडाभर 'भरीत' कपाटात शेकत ठेवली. ताईंनी मऊ सुती कापड घेतलं आणि पेन्सिलीवर फीत फिरवत इंच इंच पुसली. बापू शेजारी बसून सूचना देत होते, ताई दोन-दोन वेळा बांगडी आपटत होत्या, बापू बोलतच होते. अशोकने तुटलेली टोकं चिकटपट्टीने जोडली. एवढं मात्र त्याने नीट केलं, सांगायला हवं.

शनिवारी सकाळी लावली. देवधर दारात उभे होते, आत या म्हणायची वाट बघत. मी म्हटलं नाही, पण दारही लावलं नाही.

टेप कण्हत कण्हत चालू झाला. पहिलं कडवं बुडबुड्यातून आल्यासारखं. दुसरं जरा बरं. तिसऱ्याला बापूंचा तो भयंकर सूर आला आणि इकडे खऱ्या बापूंनी डोळे मिटून घेतले.

"तुम्ही गप बठा हो!"

"बठनू ना, बठनू!"

ते हसणं आलं. गाणं पुन्हा सुरू झालं, आणि खाट्कन फीत पुन्हा तुटली. या वेळी कायमची, आणि टू-इन-वन घेऊन गेली.

कॉम्प्युटरमध्ये मात्र सगळं उतरलं होतं. मी जिग्नेशभाईच्या दुकानात जाऊन त्याच्या दोन सीड्या काढून आणल्या. एक माझ्याकडे, एक बापूंकडे. परत आले तरी देवधर दारातच उभे होते, म्हणाले, "वहिनी, मी चुकलो."

मी म्हटलं, "आत या. चहा टाकते."

०

तरी प्लेअरचं ठरलं नव्हतंच. देवधर चुकले होते, हेडमास्तर नव्हता चुकला, असं मंडळातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं. एवढा मोठा संग्रह, शोधायला सोपं पडतं, नावं लागतात, पुढे मुलांच्या कामाला येईल. खोटं नव्हतं ते. शेवटी ठरलं की पुढच्या रविवारी कायमचा निकाल, तिघांतला एक राहील, दोन जातील.

त्या आठवड्यात ताई रोज दुपारी बालवाडी सुटली की माझ्याकडे यायच्या. कॉम्प्युटरसमोर बसायच्या. मी मदत करू का विचारलं की दोनदा बांगडी. मी स्वयंपाकघरात जायचे. पहिल्या दिवशी माऊस टेबलावरून खाली पडल्याचा आवाज आला. नंतर नाही आला.

रविवारी हॉल भरला. जिग्नेशभाईसुद्धा बायकोला घेऊन आला. पंधरा-वीस डोकी, चप्पल ठेवायला जागा नाही, आत वांगी भाजून झालेली. देवधर उभे राहिले. वर्गवारी, शोध, क्रम, बॅकअप. ढोकळ्याच्या बाजूने जिग्नेशभाई मध्ये मध्ये "पण सांभळो तो खरा!", म्हणजे ऐका तर खरं, करत होता. अशोक दोघांनाही सांगत होता की मुद्दा वेगळाच आहे, पण कुठला ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि बापू! परातभर भरीत हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे, प्रत्येकाला उत्तर देतायत, प्रत्येकाचं पटतंय, प्रत्येकाला आणखी एक शंका विचारतायत.

ताई काहीतरी म्हणाल्या. मी शेजारी होते म्हणून ओठ हललेले दिसले. कुणी बघितलं नाही. त्यांनी बांगडी आपटली. पुन्हा आपटली. मी ओरडणार होते, "अरे, ताईंना बोलू द्या!" पण त्यांनी माझा हात दाबला.

त्या उठल्या. माणसांच्या मांड्यांमधून पाय टाकत कॉम्प्युटरपर्यंत गेल्या आणि खुर्चीवर बसल्या. आधी हेडमास्तरला हात लावला, तो म्हणाला थांबा, संग्रह तपासतोय. त्याला बंद केला. ढोकळ्यावर टिचकी मारली, तो फवारे उडवायला लागला. त्यालाही बंद केला. मग गरीब.

स्पीकरचं बटण त्यांनी शेवटपर्यंत फिरवलं.

"तुम्ही गप बठा हो!"

चिडीचूप. देवधरांचं बोट हवेतच. जिग्नेशभाईचं तोंड उघडं. स्पीकरमधूनही पुढे काही आलं नाही. ताईंनी तेवढाच तुकडा कापून वेगळा ठेवला होता, नेमका तिथपर्यंत.

स्वयंपाकघराच्या दारात बापू परातीसकट मटकन खाली बसले.

"बठनू ना," बापू म्हणाले. "बठनू."

सिंधूताईंनी खुर्ची त्यांच्याकडे वळवली, त्यांना नीट बघून घेतलं, आणि पुन्हा क्लिक केलं.